पुष्टिप्रश्नाचे वाक्य आणि यंत्राचा होकार

नेटवर्कमधील राउटर, स्विच इत्यादी उपकरणांना आज्ञा देत असता एखादी आज्ञा घातक ठरण्याचा संभव असल्यास ती अमलात आणण्यापूर्वी उपकरण आज्ञा देणाऱ्यास एक प्रश्न विचारते. 'पुढे जावयाचे काय?', 'सर्व पुसून टाकावयाचे काय?' अशा स्वरूपाच्या या प्रश्नास प्रस्तुत लेखात पुष्टिप्रश्न असे म्हटले आहे. त्याचा विचार सामान्यतः सोयीच्या अंगाने होतो: तो कोठे असावा, कोठे नसावा, आणि मुख्यतः तो टाळावा कसा. परंतु पुष्टिप्रश्न हे अखेर एक वाक्य आहे. वाक्य म्हटले म्हणजे त्यास वक्ता आला, श्रोता आला, प्रसंग आला. वक्त्यास काय ठाऊक आहे आणि श्रोत्याकडून त्याची कोणती अपेक्षा आहे, हे प्रश्नही ओघानेच आले. या कसोट्या लावून पाहता हा वाक्यप्रकार कितपत टिकतो, आणि उपकरणाशी बोलणारा माणूस जाऊन त्याच्या जागी स्क्रिप्ट आल्यावर त्याचे काय होते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम वाक्याचे रूप पाहू. सिस्को कंपनीच्या आयओएस या प्रणालीत उपकरण पुन्हा सुरू करण्याकरिता 'रीलोड' ही आज्ञा दिली असता ते विचारते, 'प्रोसीड विथ रीलोड?', आणि त्यापुढे चौकटी कंसात एकच शब्द येतो: 'कन्फर्म'. या कंसाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. येथे 'हो' आणि 'नाही' असे दोन पर्याय मांडलेले नाहीत. नुसती एंटर कळ दाबली तरी तो होकार समजला जातो. मराठीत 'जाणार का?' आणि 'जाणार ना?' यांमध्ये जो भेद आहे तोच येथे आहे. पहिला प्रश्न खरोखर प्रश्न आहे. दुसऱ्यात उत्तर आधीच गृहीत धरलेले असून श्रोत्याने केवळ मान हलवावी एवढीच अपेक्षा आहे. आयओएसचा हा पुष्टिप्रश्न 'ना'कारी आहे. उपकरणाचे सारे कॉन्फिगरेशन पुसणाऱ्या 'राइट इरेझ' या आज्ञेनंतर येणारा प्रश्नही त्याच घडणीचा. तेथे सर्व कॉन्फिगरेशन फाइली नाहीशा होतील असे उद्गारचिन्हासह बजावले जाते खरे, पण कंसात पुन्हा तोच शब्द, आणि एंटर म्हणजे पुन्हा होकारच. आयओएसला दुसरी रीत ठाऊकच नाही असे मात्र म्हणता येत नाही. 'डीबग ऑल' ही आज्ञा दिल्यास नेटवर्कच्या कार्यावर गंभीर परिणाम होऊ शकेल असे सांगून ती विचारते, पुढे जावे काय. आणि तेथे कंस आहे तो 'नो' या शब्दाभोवती. तेथे एंटर म्हणजे नकार. ज्युनिपर कंपनीच्या जुनॉस प्रणालीतही उपकरणाची सर्व माहिती नष्ट करणाऱ्या आज्ञेपुढे गृहीत उत्तर 'नाही' असेच ठेवलेले आहे. म्हणजे दोन्ही प्रकारची वाक्ये उपलब्ध असून कोणत्या ठिकाणी कोणते वापरावे याचा विवेक मात्र एकसारखा दिसत नाही.

रूपाहूनही अधिक विचारणीय आहे ते या प्रश्नांचे स्थान. चालू कॉन्फिगरेशन कायम स्मृतीत जतन करावयास सांगितले तर आयओएस विचारते की, फाइलीचे नाव काय असावे? ज्या कृतीत बहुधा काहीच बिघडत नाही, तेथे ही चौकशी. याउलट दोन स्विचांना जोडणाऱ्या ट्रंक मार्गावरून कोणकोणती आभासी जाळी, म्हणजे व्हीलॅन, जाऊ द्यावयाची ही यादी बदलणारी आज्ञा पाहा. मार्गावर १०, २० आणि ३० या क्रमांकांची व्हीलॅन आहेत आणि त्यांत ४० ची भर घालावयाची आहे. आज्ञेत 'ॲड' हा शब्द लिहिला तर भर पडते. तो राहिला तर जुनी यादी जाऊन ४० हे एकच उरते आणि बाकीची वाहतूक तत्क्षणी थांबते. तीन अक्षरांच्या इंग्रजी शब्दाच्या अभावी एखाद्या इमारतीचे सर्व काम बंद पडावे, आणि उपकरणाने अवाक्षरही काढू नये! नेटवर्कच्या धंद्यातील बहुतेकांना ही चूक ऐकून तरी ठाऊक असते. तसेच 'नो राउटर बीजीपी' या एका ओळीने बाह्य जगाशी मार्गांची देवघेव करणारे सारे कॉन्फिगरेशन नाहीसे होते. तेथेही प्रश्न नाही. ज्या मार्गाने आपण उपकरणाशी बोलत आहोत तोच मार्ग बंद करण्याची आज्ञा दिली तरीही नाही.

यामागील कारण समजण्यास कठीण नाही. आज्ञा धोक्याची आहे की नाही हे आज्ञेच्या शब्दांत नसते. ते ती कोठे, केव्हा आणि कशाच्या संदर्भात दिली यात असते. प्रयोगशाळेतील टेबलावरच्या स्विचवर जी आज्ञा निरुपद्रवी, तीच शहराच्या मुख्य केंद्रातील राउटरवर अनर्थकारक. पुष्टिप्रश्न लिहिणारा मात्र उपकरणाच्या कारखान्यात, पुष्कळ वर्षांपूर्वी बसलेला होता. आज्ञा देणारा कोण, उपकरण कोठे बसविले आहे, त्याच्या मागे किती लोकांचे व्यवहार आहेत, यांपैकी काहीच त्यास ठाऊक नव्हते. पुष्टिप्रश्नाचा वक्ता प्रसंगी उपस्थितच नाही. ज्यास काही ठाऊक नाही तो ज्यास ठाऊक असावयास हवे त्याला विचारतो, 'तुझी खात्री आहे ना?' यात नवे ज्ञान कोणाकडूनच कोणाकडे जात नाही. मराठीत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये 'तुम्हाला खात्री आहे का?' असे जे वाक्य आपणांस वारंवार भेटते त्याचेही हेच वैगुण्य. ते श्रोत्याच्या मनःस्थितीविषयी विचारते, कृतीच्या परिणामाविषयी काही सांगत नाही. आणि चूक करणाऱ्याची खात्री तर त्या क्षणी सर्वांत दृढ असते.

जेफ रास्किन यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'द ह्यूमेन इंटरफेस' या ग्रंथात या प्रकारावर कडक टीका केली आहे. नित्य येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर हे सवयीने मूळ आज्ञेचाच भाग बनते, म्हणून त्यापासून संरक्षण मिळत नाही. त्यापेक्षा केलेली कृती मागे घेण्याची सोय द्यावी, असा त्यांचा आग्रह. आपल्याकडील लग्नमंडपात 'सावधान' हा शब्द किती पिढ्या उच्चारला जात आहे! तो ऐकून खरोखर सावध झालेला असा एकच वर परंपरेने लक्षात ठेवला आहे, आणि तो मंडपातून पळून पुढे समर्थ झाला. बाकी सर्वांनी अक्षता पडू दिल्या.

येथवरचा विचार माणूस उत्तर देतो असे धरून झाला. आता स्क्रिप्टकडे वळू.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करणाऱ्या डॉन लिबेस यांनी १९९० साली 'एक्स्पेक्ट' नावाचे साधन प्रसिद्ध केले. माणसाशी बोलण्याकरिता लिहिलेल्या प्रोग्रामशी माणसाच्या वतीने बोलणे हे त्याचे काम. समोरून अमुक शब्द आले की तमुक उत्तर पाठवावे, अशी त्याची साधी घडण. त्याच्या नावातच आपला मुद्दा आलेला आहे: प्रश्न येण्यापूर्वीच तो अपेक्षित आहे आणि उत्तर तयार आहे. पुढे नेटवर्कच्या उपकरणांकरिता जी साधने आली त्यांनी हीच रीत अधिक नीटस केली. ॲन्सिबल या प्रचलित साधनात उपकरणास आज्ञा देताना 'प्रॉम्प्ट' आणि 'ॲन्सर' अशी दोन कलमे भरता येतात. त्याच्या दस्तऐवजातील उदाहरण मुळातून पाहण्यासारखे आहे. आज्ञा आहे 'कमिट रिप्लेस'. अपेक्षित प्रश्नाच्या जागी, ही कृती संपूर्ण चालू कॉन्फिगरेशन बदलून किंवा काढून टाकील, अशा अर्थाचे उपकरणाचे वाक्य दिले आहे. आणि उत्तराच्या जागी 'येस'. यात दस्तऐवज लिहिणाऱ्यांचा दोष काढण्याचा हेतू नाही. त्यांनी जे दाखविले ते कामाचे आहे आणि दुसरा इलाजही नाही. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटते. उपकरणाजवळील सर्वांत भयसूचक वाक्य येथे अर्थाकरिता वाचलेच जात नाही. ते एक अक्षरमालिका म्हणून जुळविले जाते; जुळले की कुलूप उघडते.

यातून आणखी एक विपरीत गोष्ट घडते. उद्या उपकरण बनविणाऱ्याने हे वाक्य सुधारून अधिक स्पष्ट केले, किती ग्राहकांची वाहतूक थांबेल हे त्यात घातले, तर जगभरच्या स्क्रिप्टांना ते जुळणार नाही आणि त्या वाट पाहत थिजून राहतील. म्हणजे वाचणाऱ्यासाठी लिहिलेले वाक्य न वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी गोठून जाते. आयओएसने तर याहून सरळ मार्ग दिलेला आहे: 'फाइल प्रॉम्प्ट क्वाएट' अशी आज्ञा देऊन ठेवली की फाइलींविषयीचे प्रश्न विचारणेच बंद होते. तेवढा प्रामाणिकपणा बरा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे तो न विचारणे हे विचारल्याचे सोंग करण्यापेक्षा चांगले.

यावर असा आक्षेप येईल की, स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने 'येस' लिहिताना विचार केलाच होता; उत्तर यंत्र देत असले तरी निर्णय माणसाचाच आहे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो निर्णय कोणत्या क्षणाचा? स्क्रिप्ट लिहिण्याच्या दिवशीचा. धोका मात्र ती चालविण्याच्या दिवशीचा. दोहोंमध्ये उपकरणे बदललेली असतात, माणसे बदललेली असतात, आणि मधल्या काळात ती स्क्रिप्ट अनेकदा सुखरूप चाललेली असल्यामुळे तिच्यावरचा विश्वास वाढलेला असतो. या शेवटच्या गोष्टीचे जे उदाहरण घडून गेले ते कॅनडामधले आहे.

८ जुलै २०२२ रोजी पहाटे रॉजर्स या कंपनीचे नेटवर्क कॅनडाभर बंद पडले. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची फोन आणि इंटरनेट सेवा गेली. इंटरॅकची डेबिट व्यवस्था त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने दुकानांतून पैसे देणेही अडले. आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे अनेकांना ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लागेना. त्या देशाच्या दूरसंचार नियामकाने झोना पार्टनर्स या संस्थेकडून चौकशी करविली. तिचा सारांश २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते की, मूळ नेटवर्कमधील सुधारणेचे काम सात टप्प्यांत योजलेले होते आणि सहाव्या टप्प्यात एका वितरण राउटरवरील मार्गांची गाळणी करणारे कलम काढून टाकले गेले. गाळणी जाताच मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर आला आणि ते कोलमडले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढे आहे. या कामाचा धोका आरंभी 'उच्च' असा नोंदविलेला होता. परंतु आधीचे टप्पे निर्विघ्न पार पडल्यामुळे धोका मोजणाऱ्या गणनपद्धतीने सहाव्या टप्प्याचा दर्जा उतरवून 'निम्न' केला. त्यामुळे त्या बदलाची जी अधिक कडक तपासणी व्हावयास हवी होती ती झाली नाही.

एंटर दाबणाऱ्या माणसाची सवय ती हीच. फक्त येथे ती सूत्रात बांधली गेली होती. मागच्या पाच वेळा काही झाले नाही, म्हणून सहाव्या वेळी विचारण्याचे कारण नाही. माणूस असे वागतो तेव्हा आपण त्यास निष्काळजी म्हणतो. गणनपद्धती असे वागते तेव्हा तो अनुभवाधिष्ठित निष्कर्ष ठरतो. वास्तविक पहिल्या पाच टप्प्यांच्या यशाने सहाव्या टप्प्यातील कलमाविषयी काहीच सिद्ध होत नव्हते. ते निराळे कलम होते. त्या दिवशी कर्मचाऱ्यांना एकमेकांशी बोलण्यासाठीही आपलेच नेटवर्क उरले नव्हते आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांची सिम कार्डे दूरच्या ठिकाणी पाठवावी लागली.

दुसरी दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या पृष्ठजालाची क्षमता अजमावण्याकरिता दिलेल्या एका आज्ञेने त्याचे सर्व दुवे तोडले. अशा आज्ञा तपासून थांबविणारे साधन कंपनीकडे होते. त्याच साधनात दोष असल्याने त्याने ती थांबविली नाही, असे कंपनीने स्वतः प्रसिद्ध केले आहे. २५ जानेवारी २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टच्या विस्तृत नेटवर्कमध्ये एका राउटरचा आयपी पत्ता बदलताना दिलेली आज्ञा निरनिराळ्या उपकरणांवर निरनिराळी वागते, हे ध्यानात न आल्यामुळे सर्व राउटर आपले मार्ग पुन्हा मोजू लागले. यांपैकी कोणत्याही ठिकाणी 'खात्री आहे ना?' असे आणखी एकदा विचारल्याने काही फरक पडला असता असे मानण्यास आधार नाही. आज्ञा देणाऱ्याची खात्री होतीच.

मग या वाक्यप्रकारात स्वीकारण्याजोगे काहीच नाही काय? आहे, आणि ते एका जुन्या युक्तीतून आलेले आहे. दूरच्या राउटरवर जोखमीचा बदल करण्यापूर्वी अनुभवी लोक त्यास 'रीलोड इन १०' अशी आज्ञा देऊन ठेवीत: दहा मिनिटांनी पुन्हा सुरू हो. बदल जतन केलेला नसल्याने, संपर्क तुटलाच तर उपकरण दहा मिनिटांनी आपल्या जुन्या कॉन्फिगरेशनसह परत येई. सर्व ठीक असल्यास ती आज्ञा रद्द करावयाची. जुनॉसमध्ये हीच कल्पना 'कमिट कन्फर्म्ड' या नावाने रीतसर आली. बदल अमलात येतो, परंतु ठराविक अवधीत, एरवी दहा मिनिटांत, त्यास दुसऱ्यांदा पुष्टी मिळाली नाही तर उपकरण तो आपण होऊन मागे घेते. नेटकॉन्फ या प्रमाणसंहितेच्या २००६ आणि २०११ च्या दोन्ही आवृत्त्यांत ही तरतूद असून तेथेही गृहीत अवधी ६०० सेकंदांचाच आहे.

हा पुष्टिप्रश्न इतरांहून मुळातच निराळा आहे. एक तर तो कृतीपूर्वी येत नाही, कृतीनंतर येतो. म्हणून त्याचे उत्तर देणाऱ्याजवळ आता खरोखर सांगण्यासारखे काही असते. दुसरे असे की 'मौनं संमतिलक्षणम्' हा जो व्यवहाराचा जुना नियम, तो येथे उलटा केलेला आहे. मौन म्हणजे नकार. ज्याचा संपर्क तुटला त्याला बोलता येत नाही, आणि त्याचे न बोलणे हाच बदल फसल्याचा पुरावा मानला जातो. या साऱ्या वाक्यप्रकारात एवढे शहाणपणाचे वाक्य दुसरे नाही. त्याच्या मर्यादा आहेत. दहा मिनिटांनंतर उद्भवणाऱ्या बिघाडापुढे ते निरुपयोगी आहे. शिवाय स्क्रिप्टने पहिल्या 'कमिट'च्या पाठोपाठ दुसरी, मधे काहीही न तपासता, पाठविली तर तेही 'ना'कारी प्रश्नांच्या रांगेत जाऊन बसते. दुसरी पुष्टी निराळ्या मार्गाने यावयास हवी: शेजारचे राउटर अजून ओळख देतात काय, बाहेरून एखादा पत्ता गाठता येतो काय, हे पाहून, आणि शक्यतो पहिली आज्ञा देणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून.

कृतीपूर्वी विचारावयाचेच असेल तर प्रश्नात वस्तू असावी. डेबियनवरील 'मॉलीगार्ड' हा छोटा प्रोग्राम दूरस्थ यंत्र बंद करू पाहणाऱ्याकडे त्या यंत्राचे नाव टंकून मागतो. (एका प्रोग्रामरच्या लहान मुलीने मोठ्या संगणकाचे लाल बटण एकाच दिवसात दोनदा दाबल्यावर त्यावर पारदर्शक झाकण बसविण्यात आले, त्या झाकणावरून हे नाव पडले अशी कथा आहे.) 'हो' हे उत्तर कोणत्याही प्रश्नाला चालते; यंत्राचे नाव एकाच प्रश्नाला चालते. त्याचप्रमाणे किती उपकरणांवर परिणाम होणार हा आकडा प्रश्नात असावा. तीनच उपकरणे अभिप्रेत असलेल्यास तीनशेचा आकडा पाहून दचकता तरी येईल. जुन्या-नव्या कॉन्फिगरेशनमधील फरक दाखविणे हेही चांगलेच, पण तेवढ्यावर फार भिस्त ठेवू नये. रॉजर्सचे काढलेले कलम अशा फरकात अगदी क्षुल्लक दिसावे. अक्षरांतील फरक निराळा आणि वाहतुकीतील फरक निराळा. दुसरा दाखविण्याचा यत्न बॅटफिशसारखी साधने करतात: २०१५ साली विद्वत्परिषदेत मांडल्या गेलेल्या या साधनात कॉन्फिगरेशनवरून नेटवर्कचे वर्तन आधी गणून काढले जाते.

जेथे शक्य असेल तेथे प्रश्नाऐवजी अडसरच घालावा. रेल्वेच्या एकेरी मार्गावर 'पुढचा मार्ग मोकळा आहे ना?' असे चालकास विचारून भागत नसे. वेताच्या कड्यातील टोकन हाती पडल्याखेरीज गाडी पुढे नेताच येत नसे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एस-थ्री सेवेत आज्ञेतील एक मूल्य चुकीचे टंकल्याने अपेक्षेहून पुष्कळ अधिक सर्व्हर काढले गेले. त्यानंतर कंपनीने साधनात जी दुरुस्ती केली ती पुष्टिप्रश्नाची नव्हती. सर्व्हर सावकाश काढले जावेत आणि किमान क्षमतेच्या खाली जाईल इतके काढताच येऊ नयेत, अशी ती होती.

अलीकडे या संवादात तिसरे पात्र आले आहे. भाषा-प्रतिमानांवर चालणारे साहाय्यक आता माणसाच्या सांगण्यावरून उपकरणांसाठी आज्ञा रचतात, आणि त्या देण्यापूर्वी माणसास विचारतात; त्या प्रश्नाखाली बहुधा 'यापुढे नेहमी परवानगी' असा एक पर्यायही असतो. तो निवडला की 'फाइल प्रॉम्प्ट क्वाएट' हीच जुनी आज्ञा नव्या वेषात दिल्यासारखे होते. अशा साहाय्यकांना साधने जोडून देणारी एमसीपी ही संहिता नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत प्रत्येक साधनाने आपण विध्वंसक आहोत की नाही हे सूचित करावे अशी सोय केली आहे. ही सूचना साधन बनविणाराच स्वतःविषयी लिहितो. म्हणजे प्रश्न लिहिणारा पुन्हा कारखान्यातच बसलेला. तीत एक तरतूद मात्र विशेष आहे. बदल घडविणाऱ्या साधनाने याविषयी काहीच लिहिले नसेल तर ते विध्वंसक आहे असेच समजावयाचे. येथेही मौनाचा अर्थ नकाराच्या बाजूने लावलेला आहे. मात्र या सूचना केवळ संकेत आहेत, आणि अविश्वसनीय ठिकाणाहून आलेल्या असल्यास त्यांवर विसंबू नये, असे त्याच संहितेत लिहिले आहे.